सोसायटीची मीटिंग तासाभरात कशी आटपावी

सोसायटीची सभा लांबते ती बडबड्या काकांमुळे, असं आपण समजतो. खरं तर ती लांबते नोटिशीमुळे. ‘पार्किंगबाबत चर्चा करणे’ असा विषय लिहिला की लोक चर्चाच करणार! त्याऐवजी ‘पाहुण्यांच्या गाड्या गेटबाहेर लावायच्या का, हे ठरवणे’ असं लिहा. हो किंवा नाही, एवढंच उत्तर उरतं.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे) नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. मध्येच गणपती येतात, म्हणून तारीख जुलैतच धरा. रविवारी सकाळी बोलावू नका. अर्धं नाशिक मिसळ खायला मखमलाबाद, गंगापूर रोडकडे गेलेलं असतं. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत शिफ्ट करणारेही विचारात घ्या. शनिवारी संध्याकाळी साडेसात बरी, कारण साडेआठला प्रत्येकाला जेवण आठवतं.

नोटिशीसोबत हिशेबपत्रकं आणि लिफ्ट, रंगकाम, वॉटरप्रूफिंग यांची कोटेशन्स पाठवा. कागद सभेत पहिल्यांदा हातात पडला, की पाऊण तास तिथेच गेला.

कोरम म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी: एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांतली कमी संख्या. अर्ध्या तासात तो भरला नाही तर सभा तहकूब होते. तहकूब सभेची वेळ नोटिशीतच छापून ठेवा. त्या सभेला कोरम लागत नाही. (नाशिकमध्ये बऱ्याच इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट म्हणून नोंदलेल्या आहेत. तुमची तशी असेल तर आपले उपविधी आधी वाचा, नियम वेगळे असू शकतात.)

सभेत सगळ्यात अवघड विषय दुसऱ्या क्रमांकावर घ्या. पहिला मागच्या इतिवृत्ताचा, तोवर उशिरा येणारे येऊन बसतात. शेवटी ठेवलात तर दमलेली माणसं भांडतात. बोलायला प्रत्येकी दोन मिनिटं, आणि घड्याळ अध्यक्षांकडे नको, तिसऱ्याच कुणाकडे द्या. कुणी घसरलं तर, ‘काका, तुमचा गळतीचा मुद्दा लिहून घेतलाय, आता लिफ्टचं बोलू,’ एवढं पुरतं. मात्र तो मुद्दा त्यांच्या डोळ्यांदेखत वहीत उतरायला हवा, नाहीतर काका पुन्हा उठतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ हे खरं भगदाड. घंटागाडी उशिरा येते इथपासून वरच्या मजल्यावरच्या कुत्र्यापर्यंत सगळं तिथून आत शिरतं. असे विषय ऐकून घ्या, पण ठराव करू नका. पुढच्या कमिटी मीटिंगला घ्या. उपविधी दुरुस्तीसारखा विषय तर असा ऐनवेळी घेताच येत नाही.

ठराव झाला की सूचक आणि अनुमोदकाची नावं लगेच लिहा, आणि ठराव मोठ्यानं वाचून दाखवा. काम कोण करणार आणि कुठल्या तारखेपर्यंत, हेही त्याच ओळीत.