खानदेशात रेडिओवर दिवसभर शास्त्रीय संगीत कसं ऐकाल

एक अख्खा दिवस शास्त्रीय संगीत ऐकायचं ठरवलं की बरेच जण सकाळी उत्साहात रेडिओ लावतात आणि दहाच्या आत बंद करतात. दोष कानाचा नसतो. खरखर, अ‍ॅडॅप्टरची गुणगुण आणि हुकलेली वेळ, या तिघांनी वाट लावलेली असते. यातलं बरंचसं आदल्या रात्री अर्ध्या तासात निस्तरता येतं.

आधी स्टेशन. आकाशवाणीच्या जळगाव केंद्राची मध्यम लहरीवरची (मीडियम वेव्ह) जागा 963 किलोहर्ट्झ. काट्याच्या रेडिओवर आवाज आला की तिथंच थांबायची सवय असते, पण काटा किंचित बाजूला असला तर 'स' आणि 'श' फुटतात, तंबोरा पत्र्यासारखा वाजतो. काटा अगदी हळू मागेपुढे करा आणि आवाज सर्वांत भरदार, कमी किरटा लागेल तिथं सोडा. डिजिटल रेडिओची अडचण वेगळी असते. आपल्याकडची मध्यम लहरीवरची स्टेशनं 9 किलोहर्ट्झच्या अंतरानं मांडलेली आहेत. बाहेरून आलेले काही संच मात्र 10 च्या टप्प्यानं पुढं सरकतात, म्हणजे 960 नंतर थेट 970. त्यावर 963 कधीच नीट लागणार नाही. सेटिंगमध्ये किंवा पाठीमागं 9/10 ची निवड असते, ती 9 वर आणा.

मग रेडिओची दिशा. मध्यम लहरीसाठी वर ओढायच्या एरियलचा काही उपयोग नाही. आत एक आडवी फेराइटची कांडी असते, ती काम करते. कांडीचं टोक स्टेशनकडे असेल तर आवाज पडतो, कांडीची लांब बाजू स्टेशनकडे असेल तर वाढतो. धुळे किंवा अमळनेरहून जळगाव पूर्वेला. तिथं रेडिओचा लांब चेहरा पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे करून ठेवा. भुसावळकरांचंही तसंच. रावेरहून जळगाव नैऋत्येला, म्हणून रेडिओ तिरका ठेवावा लागेल. एफएमचं गणित निराळं. ते जवळजवळ नजरेच्या रेषेत चालतं, त्यामुळे सातपुड्याच्या कुशीतल्या गावांत मधला डोंगर आवाज अडवतो. तिथं एरियल साधारण 75 सेंटीमीटर बाहेर काढा आणि खिडकीपाशी किंवा गच्चीवर जागा शोधा.

खरखर घरातली की बाहेरची, हे ओळखायचा सोपा उपाय म्हणजे रेडिओ सेलवर लावायचा आणि घराचा मेन स्विच खाली पाडायचा. खरखर गेली तर ती घरातलीच. मग एकेक बटण लावत जा. बहुधा स्वस्तातला एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर किंवा पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सापडतो. मेन बंद करूनही राहिली तर लाइनीवरची किंवा शेजारच्या मळ्यातल्या मोटारीची. तिला इलाज एकच: रेडिओ फिरवून कांडीचं टोक त्या बाजूला करा, मग स्टेशन थोडं कमी झालं तरी चालेल.

अ‍ॅडॅप्टर मात्र कटाक्षानं टाळा. हलक्या अ‍ॅडॅप्टरची गुणगुण 100 हर्ट्झची असते. गायकाचा सा काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) असेल तर तंबोऱ्याचा मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, सुमारे 104 हर्ट्झवर येतो. म्हणजे ही गुणगुण पंचमाच्या बोटभर खाली, पावशेर बेसूर, तासभर चालू राहते. ऐकणाऱ्याला वाटतं तंबोराच नीट जुळलेला नाही. बाकीची खरखर एक वेळ चालेल, ही नाही. सेल वापरा.

आता दिवस. आकाशवाणीचं प्रसारण सभांमध्ये, म्हणजे ठरावीक सत्रांत, चालतं आणि सकाळी संकेतधून झाल्यावर दिवसातले ठळक कार्यक्रम सांगतात. (ही धून वॉल्टर कॉफमन यांची, शिवरंजनीच्या वळणाची, तंबोऱ्याच्या साथीनं ती ऐकली की सकाळ झाली.) त्या वेळी हातात पेन्सिल हवी. वेळापत्रकं बदलतात, सणावाराला तर हमखास. म्हणून भिंतीवरचा जुना तक्ता प्रमाण मानू नका.

सकाळची सभा सर्वांत समृद्ध असते. भैरव, रामकली, तोडी, पुढं जौनपुरी, देसकार. विविध भारतीवरची 'संगीत सरिता' पंधरा मिनिटांत एका रागाची ओळख करून देते. नवख्यानं तिथून सुरुवात करावी. दुपारी सारंग, मग भीमपलास, मुलतानी. मे महिन्यात दारं-खिडक्या लावून, पंखा मंद करून वृंदावनी सारंग ऐकणं ही खानदेशाची खास मौज.

खरी गळती होते संध्याकाळी. पूरिया धनाश्री, मारवा, श्री यांची वेळ सूर्यास्ताची, आणि त्याच सुमारास स्थानिक केंद्रावर बातम्या, शेतकऱ्यांचे कार्यक्रम असतात. शिवाय ही वेळ सूर्याची आहे, घड्याळाची नाही: जळगावात डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, मेअखेरीस सात वाजून गेल्यावर. इथं 'रागम्' उपयोगी पडतं. ही आकाशवाणीची चोवीस तासांची शास्त्रीय संगीताची वाहिनी 26 जानेवारी 2016 ला सुरू झाली. ती न्यूजऑनएअर अ‍ॅपवर ऐकता येते. मात्र तिच्यावर कर्नाटक संगीतही असतं. प्रवाह 64 केबीपीएसचा असेल तर तासाला सुमारे 29 एमबी डेटा जातो. फोनमध्ये बॅटरी बचत चालू असेल तर पडदा मिटला की अ‍ॅप गप्प होतं. त्या अ‍ॅपपुरती ती बंद करा. अ‍ॅपचा आवाज रेडिओच्या काही सेकंद मागे असतो, म्हणून दोन्ही एकदम लावू नका.

रात्री बिहाग, बागेश्री, दरबारी, मालकंस. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम 1952 पासूनचा; त्यात कलाकाराला ऐसपैस वेळ मिळतो. अंधार पडल्यावर मध्यम लहरीवर लांबची स्टेशनंही येऊ लागतात. 648 वर इंदूर, 846 वर अहमदाबाद शोधून पाहा. आवाज चढतो-उतरतो, ते रेडिओ बिघडल्यामुळं नाही. लहरी आकाशातून परतून येतात म्हणून तसं होतं. बटणाशी झटापट नको.

ऐकताना दोन गोष्टी धरा. तंबोरा सुरू होताच पहिली तार ऐका. पंचम असेल तर पंचम लागणारा कुठलाही राग असू शकतो. मध्यम असेल तर मालकंस किंवा ललितसारखे राग मनात आणा. निषाद असेल तर मारवा, पूरिया, सोहनी. निवेदकानं नाव सांगायच्या आत अंदाज कागदावर लिहून टाका. विलंबित (संथ) एकतालात, म्हणजे बारा मात्रांच्या आवर्तनात, समेची (पहिल्या मात्रेची) वाट पाहताना हरवायला होतं, तेव्हा तबल्याचा 'तिरकिट' हा बोल धरा. ते आवर्तनात दोनदा येतं, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. त्यानंतर 'तू ना' म्हणजे तबल्याचा नुसता उजवा वाजला तर अजून अर्ध्याहून जास्त आवर्तन बाकी आहे. 'धी ना' म्हणजे डग्गा (डावा) घुमला तर दोन मात्रांनी सम. हे साधलं की अर्ध्या तासाचा ख्याल लांबट वाटत नाही.

सलग सगळं ऐकू नका. चार बैठका, एकूण तीन-साडेतीन तास पुरे. मधे कळण्याची भाकरी, डुलकी, कामधंदा. रात्री सभा संपली की सेल काढून ठेवा. रेडिओ महिनाभर पडून राहिला तर सेल पाझरतात आणि स्प्रिंगा हिरव्या पडतात. तसं झालंच तर लिंबाचा रस कापसावर घेऊन स्प्रिंगा पुसा, नंतर ओल्या आणि मग कोरड्या फडक्यानं टिपून घ्या.