व्हिडिओ संपले, फाईल कोरीच

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतली तेव्हा फुकटच्या व्हिडिओंची एक अख्खी मालिका मी संपवली. शिकवणारा टाइप करायचा, मीही करायचो. त्याचा प्रोग्रॅम चालायचा, माझाही चालायचा. मग एका रात्री ठरवलं की एखाद्या मजकुरात कुठला शब्द किती वेळा आलाय ते मोजायचं. दहा-बारा ओळींचं काम. कोरी फाईल उघडली आणि पाऊण तास नुसता कर्सर लुकलुकत राहिला. पायथनमधली डिक्शनरी (एकेका नावापुढे एकेक किंमत ठेवणारी यादी) म्हणजे काय, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. ती इथे वापरायची, हेच सुचेना.

बघताना सगळं कळतं, गोची तिथेच आहे. लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं) कुठे लावायचा, शब्द पहिल्यांदाच आला तर काय करायचं, हे सगळं शिकवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. आपल्या वाट्याला उरतं टायपिंग, आणि ते झालं की वाटतं, जमलं. नाही जमलेलं! व्हिडिओ बंद करा, तोच प्रोग्रॅम न बघता पहिल्यापासून लिहा. मग त्यात काहीतरी मोडा. माझ्या प्रोग्रॅममध्ये 'घर' आणि स्वल्पविराम चिकटलेलं 'घर,' हे दोन वेगळे शब्द मोजले जात होते. मोकळ्या जागेवर तोडलं की चिन्हं शब्दालाच चिकटून येतात, हे तिथे कळलं. अशा ठिकाणी वीस मिनिटं अडून बसा, मगच शोधा. अडणं म्हणजे मठ्ठपणा नव्हे. मला ते फार उशिरा पटलं.

वैतागून पुस्तकाकडे वळलो, तर ते निघालं जुन्या पायथन २ चं, माझ्याकडे होतं पायथन ३. प्रिंट या आज्ञेला कंस नाहीत, पहिल्याच पानावर सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याच्या नियमांतली चूक. ती निदान ओरडून सांगते. पाच भागिले दोनचं उत्तर पुस्तकात २, माझ्याकडे २.५, आणि एररही नाही. पायथन ३ आलं २००८ मध्ये, पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला. तेव्हा पुस्तक असो की व्हिडिओ, आधी व्हर्जन बघा.

तरीही मी पुस्तकाच्याच बाजूचा. त्यात क्रम असतो आणि धड्याखाली सोडवायला उदाहरणं असतात. ती गाळून वाचलंत तर मात्र कादंबरीच वाचलीत. पैसे नसतील तर अडत नाही, पायथनचं अधिकृत ट्युटोरियल फुकट आहे आणि पुस्तकासारखंच सलग वाचता येतं. 'महिन्याभरात डेव्हलपर' म्हणणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. कीबोर्ड स्वतःकडे ओढून दोन मिनिटांत एरर काढून देणारा सिनियरही नको. मला असा एक भेटला होता. माणूस प्रेमळ, पण मी त्याच्याकडून काहीही शिकलो नाही.

शब्द मोजायला मला शेवटी तीन संध्याकाळी लागल्या. झाल्या बत्तीस ओळी, त्यातल्या निम्म्या फालतू.