बोस्के देल अपाचे: थंडीतले क्रौंच नीट कसे पाहावेत

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात रिओ ग्रांदे नदीकाठी बोस्के देल अपाचे हे १९३९ साली राखीव झालेलं पक्षी अभयारण्य आहे. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात हजारो सँडहिल क्रौंच आणि पांढरे स्नो गीज (रानहंस) इथे मुक्कामाला असतात. अल्बुकर्की विमानतळापासून दक्षिणेला गाडीने सुमारे दीड तास. मुक्काम जवळच्या सोकोरो गावात करा आणि पेट्रोलही तिथेच भरून घ्या. तिथून पहाटे निघताना अर्धा तास हाताशी ठेवा.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते वेळेत. सूर्योदय पाहून निघालात तर गीज केव्हाच उडून गेलेले असतात. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून सव्वासहाला तळ्याकाठी उभं असायला हवं. क्रौंच रात्रभर उथळ पाण्यात उभे राहून झोपतात, कारण कायोटी (कोल्ह्यासारखा शिकारी प्राणी) जवळ आला तर पाण्याचा आवाज होतो. तळ्यांतलं पाणी झडपा उघडून कमीजास्त केलं जातं, त्यामुळे गेल्या वर्षी भरलेलं तळं यंदा कोरडं असू शकतं. जुन्या फोटोंवर विसंबू नका. आदल्या दुपारी माहिती केंद्रात जाऊन ‘रात्री पक्षी कुठल्या तळ्यावर उतरताहेत’ एवढंच विचारा.

गीज आणि क्रौंच यांची उडण्याची तऱ्हा अगदी वेगळी. गीजचा थवा एकदम, कानठळ्या बसवत उठतो, पुष्कळदा वर गरुड दिसला म्हणून. कॅमेरा तयार नसेल तर तो क्षण गेला. क्रौंच मात्र दोन-दोन, तीन-तीनच्या कुटुंबांनी निघतात आणि आधी इशारा देतात: मान पुढे ताणून, अंग झुकवून, एकाच दिशेला तोंड करून काही क्षण उभे राहतात. ती मान ताणलेली दिसली की फोकस तिथेच धरून ठेवा. कडाक्याची थंडी असेल तर ते उशिरा निघतात आणि बर्फावरून चालताना त्यांचे पाय घसरतात. गीज गेले म्हणून लगेच गाडीत जाऊन बसू नका, पुढचा तासच खरा बघण्यासारखा असतो.

दुर्बिणीतून क्रौंचांचं डोकं निरखा. मोठ्या पक्ष्याच्या कपाळावरचा लाल भाग म्हणजे पिसं नाहीत, उघडी कातडी आहे. त्या वर्षीच्या पिल्लाला ती लाली नसते, डोकं तांबूस-तपकिरी असतं आणि आवाजही बारीक शिट्टीसारखा असतो. गोंदियाचा सारस पाहिलेल्यांना हा भाऊबंद लगेच ओळखू येईल, फक्त उंचीला कमी आणि रंगाने करडा.

दिवसा ते मक्याच्या शेतांत असतात. अभयारण्य त्यांच्यासाठीच मका लावतं आणि हिवाळाभर थोडा थोडा कापून पाडतं. अभयारण्यातून फिरणाऱ्या वळणरस्त्यावर गाडी सावकाश चालवा आणि नुकताच पाडलेला मका शोधा. तिथे गाडीतून उतरू नका. पक्षी गाडीला सरावलेले असतात, पण दोन पायांवर उभा माणूस दिसला की सरकू लागतात. थंडीत असं विनाकारण उडावं लागणं त्यांना महागात पडतं, कारण खाऊन साठवलेली ताकद त्यात जाते. इंजिन बंद करा, काच खाली घ्या, लेन्सखाली तांदळाची किंवा बीन्सची छोटी पिशवी ठेवा.

पहाटे पारा शून्याखाली असतो. बोटं उघडता येतील असे हातमोजे, लोकरी मोजे आणि जाड तळाचे बूट घ्या. बॅटऱ्या थंडीत लवकर उतरतात, जादा जोडी आतल्या खिशात ठेवा. थंड लेन्स एकदम गरम गाडीत नेली तर काचेवर दव धरतं, म्हणून आत नेण्याआधी बॅग बंद करा. उडत्या पक्ष्यासाठी शटर १/१६०० सेकंद किंवा त्याहून वेगवान. लाकडी मचाणावर शेजारचा माणूस चालला तरी ट्रायपॉड हलतो, तेव्हा लांब एक्स्पोजर जमिनीवरून घ्या. दहानंतर जमीन तापली की हवा लहरते, दूरचे फोटो अस्पष्ट येतात. तो दोष लेन्सचा नसतो.

संध्याकाळी सूर्यास्ताच्या तासभर आधी पुन्हा तळ्यावर या. क्रौंच वाऱ्याला तोंड देऊन उतरतात. म्हणून वारा तुमच्या पाठीकडून येत असेल तर ते पाय सोडून थेट तुमच्याकडेच येतात.

फेब्रुवारीच्या मध्यानंतर गेलात आणि तळी रिकामी सापडली, तर अल्बुकर्कीहून उत्तरेला सुमारे चार तासांवर कोलोराडोतलं माँटे व्हिस्टा अभयारण्य गाठा. परतीच्या वाटेवरचे थवे मार्चमध्ये तिथे थांबतात.