अँटिबायोटिकचा ब्रँड बदलून जेनेरिक घ्यायचंय? आधी स्ट्रिप उलटी करून बघा

मागच्या पावसाळ्यात खानापूरला आमच्या वहिनीची दाढ सुजली, डॉक्टरांनी ऑगमेंटिन 625 लिहून दिली, पाच दिवस सकाळ-संध्याकाळ एकेक. मेडिकलमध्ये 625 संपलेली म्हणून दुसऱ्या कंपनीची 375 दिली आणि दोन-दोन घ्या म्हणून सांगितलं. ऐकायला हिशोब बरोबर वाटतो बघा, पण नाही. 625 म्हणजे अमॉक्सिसिलिन 500 एमजी आणि क्लॅव्युलॅनिक ॲसिड 125, आणि 375 म्हणजे 250 आणि 125, त्यामुळं दोन घेतल्या की क्लॅव्युलॅनिक डबल होतंय, आणि या औषधानं पोट बिघडतं ते जास्त करून त्याच्यामुळंच. वहिनीला दोन दिवस जुलाब.

तर पहिलं काम, समोरच्या नावाकडं न बघता मागं बारीक अक्षरात जे लिहिलंय ते वाचा. दोन्ही घटक तेच पाहिजेत आणि दोन्हींचे एमजी वेगवेगळे जुळले पाहिजेत, नुसती बेरीज नको. तेवढं जुळलं की कंपनी कुठलीही असू दे, औषध तेच आहे.

दुसरं, चिठ्ठीवर ब्रँड लिहिलेला असेल तर मेडिकलवाल्यानं आपल्या मनानं दुसरा द्यायचा नसतोय, कायदाच तसा आहे. म्हणून डॉक्टरांच्या समोर असतानाच विचारा, 'डॉक्टर, जेनेरिक नाव लिहून देता काय?', म्हणजे कंपनीनं ठेवलेलं नाही, आतल्या औषधाचं नाव. यात लाजायचं काही नाही, 2016 पासून मेडिकल कौन्सिलच्या नियमातच जेनेरिक नाव लिहावं असं आहे. मग ती चिठ्ठी घेऊन बेळगावात, निपाणीत, जिथं जवळ पडेल तिथल्या जनऔषधी केंद्रात जावा. साध्या मेडिकलात नुसतं 'जेनेरिक द्या' म्हणू नका, कधीकधी जेनेरिकवर पण एमआरपी भरपूर छापलेली असते, दर विचारूनच घ्या.

कोर्स अर्धा झाल्यावर बदलायचं असेल तरी चालतंय, डॉक्टरांना एक फोन करा आणि पुढची गोळी नेहमीच्याच वेळेला नवीन स्ट्रिपमधली घ्या. जुनी स्ट्रिप मात्र बाजूला काढून ठेवा, नावं वेगळी दिसतात म्हणून घरातली म्हातारी माणसं दोन्ही औषधं घेत बसतात, हे मी स्वतः बघितलंय, फार भीती वाटते त्याची. आणि पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर कुठल्याच नावाची घ्यायची नाही, सगळ्यांत अमॉक्सिसिलिनच आहे आणि ते पेनिसिलिनच्याच जातीचं.

आपल्याकडं पावसात घरात ओल किती असते माहितीच आहे, क्लॅव्युलॅनिकला ओल अजिबात चालत नाही, म्हणून गोळ्या आधीच फोडून डबीत भरू नका, घ्यायच्या वेळेलाच काढा, जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर. लहान मुलांचं पावडरवालं सिरप पाणी घातल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि 7 दिवसांनी उरलेलं टाकून द्या. अंगावर पुरळ आलं तर गोळी थांबवून डॉक्टरांना विचारा, तोंड सुजलं किंवा दम लागला तर फोन करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.