नॅसमधली हार्ड डिस्क आचके देतेय? घाईत या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात रात्री अकराला मामेभावाचा फोन आला. "दादा, डबा मघापासून बीप-बीप करतोय. डिस्क २ गेली असा ईमेल आला, म्हणून मी ती काढून परत लावली, तर आता एकही फोल्डर दिसत नाहीये."

घरी जुळवलेला चार डिस्कचा नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवर सगळ्यांच्या फाइली ठेवणारा डबा. पद्धत रेड ५, म्हणजे डेटा सगळ्या डिस्कवर असा विभागून ठेवणं की एक गेली तरी बाकीच्यांवरून तो परत जुळवता येतो. सॉफ्टवेअरमधली यादी ० पासून सुरू होत होती आणि तो कप्पे १ पासून मोजत होता. यादीतली 'डिस्क २' म्हणजे तिसऱ्या कप्प्यातली. त्याने ओढली ती दुसऱ्या कप्प्यातली, ठणठणीत डिस्क. रेड ५ एक डिस्क गेली तरी तग धरतं. दुसरी गेली की सगळा व्हॉल्यूम, म्हणजे सगळ्या डिस्क मिळून झालेली साठवणीची जागा, कोसळतो. आत मामाच्या साठीशांतीचे फोटो होते आणि गावच्या जमिनीच्या जुन्या फेरफारांचे स्कॅन, ज्यांचे मूळ कागद वाळवीने खाल्ले आहेत.

सगळं परत मिळालं, कारण त्यानंतर त्याने स्क्रीनवरचं एकही बटण दाबलं नाही. नॅस रीतसर बंद केला आणि माझी वाट बघितली. दुसऱ्या कप्प्यातली डिस्क शाबूत होती, फक्त अ‍ॅरेच्या, म्हणजे डिस्कच्या या संचाच्या, नोंदीत ती 'बाहेर गेलेली' ठरली होती. बिघडलेली तिसरी बाजूला ठेवून उरलेल्या तिघींवर अ‍ॅरे जोडला, फक्त वाचण्यापुरता उघडला आणि सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं. 'दुरुस्त करा' किंवा 'नवा व्हॉल्यूम बनवा' यातलं काही दाबलं असतं, तर हे इतकं सरळ झालं नसतं. घरगुती नॅसमधला डेटा मी जितक्या वेळा गेलेला पाहिला, त्यात डिस्कपेक्षा पहिल्या अर्ध्या तासातल्या घाईनेच जास्त घात केलाय.

कप्पा मोजू नका, सिरियल नंबर जुळवा

कुठे कप्पे डावीकडून मोजतात, कुठे वरून, कुठे ० पासून. घरी जुळवलेल्या नॅसमध्ये 'एसडीए', 'एसडीबी' अशी नावं दिसतात आणि ती रीस्टार्टनंतर बदलूही शकतात. न बदलणारी गोष्ट एकच, डिस्कच्या लेबलावरचा सिरियल नंबर. तो सॉफ्टवेअरमध्येही दिसतो. आज सगळं नीट चालू आहे तोवर नॅस बंद करा, एकेक ट्रे बाहेर काढा, नंबराचे शेवटचे चार अंक कागदी चिकटपट्टीवर लिहून ट्रेच्या दर्शनी बाजूला लावा आणि डिस्क त्याच कप्प्यात परत ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे.

'हेल्दी' लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका

स्मार्ट अहवाल म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद. त्यातला हिरवा शेरा कंपनीने ठरवलेली मर्यादा ओलांडेपर्यंत हिरवाच राहतो, म्हणून खालचे मूळ आकडे बघा. ५ क्रमांकाची नोंद सांगते की किती खराब सेक्टरांच्या (डिस्कवरच्या डेटाच्या छोट्या खणांच्या) जागी राखीव सेक्टर वापरले गेले. १९७ म्हणजे सध्या वाचता न येणारे, निकालाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर. १९८ म्हणजे तपासणीत वाचताच न आलेले. पाचव्या नोंदीत आठ-दहाचा आकडा असेल आणि तो महिनोन्‌महिने तिथेच असेल, तर लक्ष ठेवा. आठवड्यात तो वाढला किंवा १९७ मध्ये शून्य सोडून काही आलं, तर नवी डिस्क मागवा.

१९९ चं प्रकरण वेगळं. ही डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या देवाणघेवाणीतली चूक. बहुतेकदा केबल ढिली असते किंवा कनेक्टरचा संपर्क नीट नसतो. हा आकडा केबल बदलल्यावरही कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो. चांगल्या डिस्क यापायी उगाच बदलल्या जातात. आधी नॅस बंद करून डिस्क काढा, पुन्हा घट्ट बसवा, आठवडाभर आकडा बघा.

नवी डिस्क घालून लगेच रिबिल्ड लावू नका

ही चूक जाणकारही करतात. रिबिल्डमध्ये, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा नवीवर पुन्हा जुळवताना, उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचल्या जातात. ८ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट वेगाने लिहिली, तरी जवळपास १५ तास. चारही डिस्क एकाच दिवशी घेतलेल्या असतील तर उरलेल्या तिघीही तितक्याच थकलेल्या असतात, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्यावर सर्वांत जास्त ताण येतो. एक डिस्क गेलेला अ‍ॅरे वाचता येतो. म्हणून आधी जे पुन्हा मिळणार नाही ते, म्हणजे फोटो, कागदपत्रं, हिशेब, यूएसबी डिस्कवर उतरवा. सिनेमे नंतर. मग रिबिल्ड. तो चालू असताना टीव्हीवर व्हिडिओ नको, फोनचा बॅकअप नको, आणि टक्का हलत नाही म्हणून रीस्टार्ट तर मुळीच नको. महावितरणचा भरवसा न धरता यूपीएस लावा.

एक कप्पा मोकळा असेल आणि आजारी डिस्क अजून चालत असेल, तर काही नॅसमध्ये जुनी न काढता नवी शेजारी लावून थेट बदली करता येते. ती सोय असेल तर तीच वापरा.

नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी हवी, आणि सीएमआर प्रकारची, म्हणजे जिच्यात डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर चढत नाहीत. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी विकल्या जाणाऱ्या 'रेड' (इथे लाल या अर्थाचं नाव, वरचं रेड ५ नव्हे) मालिकेतल्या २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क एसएमआर प्रकारच्या, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर चढवणाऱ्या, असल्याचं उघड झालं होतं. अशा डिस्कवर सलग मोठं लिखाण मंदावतं आणि रिबिल्ड रखडतो, कधी अर्ध्यावर तुटतो. पुढे सीएमआर डिस्कना 'रेड प्लस' हे नाव आलं. कोणत्याही कंपनीची घ्या, माहितीपत्रकात 'सीएमआर' हा शब्द वाचूनच घ्या. आणि बिल देण्याआधी सिरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून भारतातली वॉरंटी आहे का ते बघा.

विंडोजला डिस्क जोडून बघणं

नॅसमधली डिस्क बहुधा लिनक्सच्या पद्धतीने लिहिलेली असते. विंडोजला ती कळत नाही, म्हणून ते विचारतं: इनिशिअलाइझ करू? फॉरमॅट करू? नाही म्हणा. मरणाऱ्या डिस्कवर दुरुस्तीची आज्ञा चालवणं म्हणजे तिला शेवटची धाव धावायला लावणं. आधी जीएनयू डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने तिची प्रत काढा आणि जे प्रयोग करायचे ते प्रतीवर करा. बिघडलेली डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना तोडगा विसरा. आपल्या दमट हवेत गार डिस्क बाहेर काढली की तिच्यावर पाणी धरतं.

डिस्क टकटक आवाज करत असेल किंवा दोन डिस्क एकदम गेल्या असतील, तर पॉवर काढा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा. जाताना सगळ्या डिस्क न्या, मेलेलीसुद्धा, आणि कोणती कुठल्या कप्प्यात होती ते लिहून न्या. रिबिल्ड पूर्ण होऊन त्यानंतरचं एक स्क्रबिंग (सगळा डेटा वाचून केलेली तपासणी) निर्विघ्न पार पडेपर्यंत काढलेली डिस्क कुणाला देऊ नका. दोन डिस्कच्या मिरर (दोन्हींवर तोच डेटा ठेवणाऱ्या) नॅसमधली असेल तर वॉरंटीत पाठवण्याआधी थांबून विचार करा, कारण तिच्यावर घरातला प्रत्येक फोटो जसाच्या तसा असतो. व्हॉल्यूम एन्क्रिप्ट केलेला (किल्लीशिवाय वाचता न येणारा) नसेल आणि डिस्क पुसण्याइतकीही चालत नसेल, तर मी वॉरंटीवर पाणी सोडतो.