मीटर मेला, फोटो आले

भंडारदऱ्याला तंबू ठोकला आणि बघतो तर वडिलांच्या जुन्या पेंटॅक्स के१००० कॅमेऱ्यातली, प्रकाश मोजणाऱ्या मीटरची सुई हलेना. चूक माझीच. या कॅमेऱ्यात मीटर बंद करायचं बटण नाही. लेन्सवर झाकण नसलं की सेल उतरत राहतो. शटर मात्र पूर्ण यांत्रिक, त्याला सेल लागतच नाही. मग मीटरशिवाय, उजेड बघून सेटिंग ठरवायचा 'सनी सिक्स्टीन'चा नियम धरला: आयएसओ २०० ची फिल्म, लख्ख उन्हात लेन्सचं छिद्र एफ/१६ आणि शटर १/२५० सेकंद. ढग आले की एफ/८, झाडाच्या सावलीत एफ/४.

धाकटी चूल फुंकत होती. मी फोकसची रिंग फिरवेपर्यंत दोनदा विचारून झालं, "बाबा, झालं का?"

दोन दिवसांत सतराच फोटो. (मोबाईलवर तेवढे चहा उकळेपर्यंत होतात.) संध्याकाळचे दोन १/३० वर हलले, बाकी छान आलेत. झाकणाला आता दोरी बांधली आहे.