रिसीव्हरला कोणती सिरियल केबल? मीटरने दोन मिनिटांत कळतं

अपडेट करताना लाईट गेली आणि काकांचा फ्री-टू-एअर रिसीव्हर (मोफत चॅनेल दाखवणारा डिशचा सेट-टॉप बॉक्स) सुरू होतानाच अडकला. यूएसबीने दाद देईना, तेव्हा मागचा ९ पिनांचा सिरियल पोर्ट हाच मार्ग उरला. दुकानात दोन केबली मिळाल्या, एक सरळ आणि एक नल मोडेम. दिसायला अगदी सारख्या!

कॉम्प्युटर पिन ३ वरून पाठवतो, २ वर ऐकतो. ५ म्हणजे ग्राउंड. रिसीव्हर कोणत्या पिनवरून बोलतो एवढंच शोधायचं. तो चालू करून मल्टिमीटरची काळी प्रोब ५ ला लावली आणि लाल प्रोब आळीपाळीने २ आणि ३ ला. बोलणारी पिन शांत असताना उणे व्होल्टेज दाखवते. इथे पिन ३ वर उणे साडेपाच व्होल्टच्या आसपास आलं. म्हणजे दोघंही ३ वरूनच बोलणारे, म्हणून २-३ उलटसुलट जोडलेली नल मोडेम केबल हवी. उणे व्होल्टेज पिन २ वर आलं असतं तर सरळ केबल.

कोणती केबल कोणती, हे मल्टिमीटरच्या बझरवर (जोड असेल तर वाजणारी सेटिंग) बघावं. एका टोकाची पिन २ दुसऱ्या टोकाच्या पिन ३ ला वाजली की ती नल मोडेम.

एक मात्र मनापासून सांगतो: उणेऐवजी अधिक (+) ३.३ व्होल्ट दिसलं तर तो टीटीएल, म्हणजे कमी व्होल्टेजवर चालणारा पोर्ट आहे. त्याला साधी आरएस-२३२ (कॉम्प्युटरच्या नेहमीच्या सिरियल पोर्टची) केबल लावू नका, चिप जळू शकते.

पुढे १,१५,२०० बॉड वेग ठेवला, कॉम्प्युटरवर लोडर (फाईल पाठवणारा प्रोग्राम) सुरू करून मगच रिसीव्हरचं बटण दाबलं आणि फाईल चढली. एकाच मॉडेलच्या दोन रिसीव्हरमध्ये थेट सॉफ्टवेअर कॉपी करतानाही नल मोडेमच लागते.